नोकरी ‘बरी’ आहे, पण...

(सुलतानपूर, जि. बुलढाणा येथे युवक आणि पालक यांच्या एकत्रित बैठकीत झालेल्या भाषणाचा हा पाठ.)



दिवाळीच्या सुटीत सुलतानपूरच्या थांब्यावर एस.टी. थांबते आणि पाठीवर पिशवी अडकवलेला एखादा तरुण खाली उतरतो. कधी तो पुण्याहून आलेला असतो, कधी नाशिकहून, कधी छत्रपती संभाजीनगरहून. घरी हातपाय धुऊन होतात, आई चहाचा कप पुढे ठेवते आणि बाबा विचारतात, ‘‘नोकरी कशी चालली आहे?’’ उत्तर एका शब्दाचे येते, ‘‘बरी.’’

या एका शब्दाचे प्रत्येक जण आपापल्या परीने अर्थ लावतो. बाबांना त्यात सुरक्षितता ऐकू येते. पगार वेळेवर होतो आहे, एवढे त्यांना पुरते. आईला मात्र त्याच शब्दातला थकवा ऐकू येतो. मुलगा झोपायला गेल्यावर ती हळूच म्हणते, ‘‘पोरगं खुलून बोललं नाही.’’ आणि तो मुलगा? रात्री गावातल्या जुन्या मित्राजवळ तो मन मोकळे करतो. दिवसभर संगणकापुढे बसायचे, साहेबांनी मागितलेले तक्ते भरायचे, महिनाअखेर पगार घ्यायचा. काम अवघड नाही, त्रासही नाही. पण आपण हे काम केले नाही, तर नेमके कोणाचे काय अडणार आहे, हे काही केल्या कळत नाही.

आजचा विषय हाच आहे. उपाशी माणसाचे दुःख समाजाला दिसते. पोट भरलेल्या, पण मन रिकामे राहिलेल्या माणसाचे दुःख दिसत नाही. ते सांगायला गेले तर नाटक वाटते. म्हणून ते ‘बरी’ या शब्दाखाली झाकले जाते आणि पुढे वर्षानुवर्षे तसेच राहते.

यावर दोन तयार उत्तरे नेहमी मिळतात. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘‘हे खूळ डोक्यातून काढ. लागलेली नोकरी सोडणारा दुसरा वेडा दाखव.’’ बाहेरच्या जगातले उत्तेजन देणारे वक्ते म्हणतात, ‘‘मन सांगेल तिकडे धाव, बाकी आपोआप होईल.’’ ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. पहिल्यात तरुणाचे मन विचारात घेतलेले नाही, दुसऱ्यात त्याचे घर.

वडिलांची भीती खोटी नाही

प्रथम घराकडे पाहू. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण याच मातीत रुजलेली आहे. आज तिचा क्रम पुरता उलटा झाला आहे. ज्याच्या घरी नोकरी, त्याचे घर उत्तम मानले जाते. मुलगी देतानाही पहिला प्रश्न नोकरीचाच असतो. हा बदल हावेपोटी झाला, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. लोणार-मेहकरच्या या पट्ट्यात कोरडवाहू शेतीवर ज्यांनी हयात काढली, सोयाबीन आणि कापूस यांच्या भरवशावर ज्यांनी मुलांची शिक्षणे केली, त्यांना एका चुकलेल्या पावसाची किंमत ठाऊक असते. अशा घरात महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येणारा पगार म्हणजे न चुकणारा पाऊस. त्यातून कर्जाचा हप्ता जातो, धाकट्याचे शुल्क भरले जाते, आईची औषधे येतात.

म्हणून वडिलांनी ‘नोकरी सोडू नको’ म्हटले, की ते जुन्या विचारांचे आहेत, असा शिक्का मारू नये. त्यांच्या भीतीमागे तीस-चाळीस वर्षांचा अनुभव उभा असतो. नोकरी सोडण्याचा विचार ज्याला करायचा आहे, त्याने आधी या अनुभवाला नमस्कार केला पाहिजे. नमस्कार केला म्हणजे आज्ञा मानलीच पाहिजे असे नाही. पण ज्या पगारावर घर उभे आहे, त्याचे मोल जाणल्याशिवाय घेतलेला निर्णय हा पुरुषार्थ ठरत नाही. तो केवळ अविचार ठरतो.

तरीही प्रश्न उरतोच. घर सुरक्षित राहिले आणि मुलगा आतून सुकत गेला, तर त्या सुरक्षिततेचे काय करायचे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. सुलतानपूरहून मेहकरपर्यंत गेले तरी पुरे आहे.

एक गाणे, दोन वाटा

मेहकरला ना. घ. देशपांडे नावाचे वकील राहत होते. १९०९ साली जन्मलेले हे बुलढाणा जिल्ह्याचे सुपुत्र. महाराष्ट्र त्यांना कवी म्हणून ओळखतो. मेहकर त्यांना वकील म्हणूनही ओळखत असे. तरुणपणी त्यांनी लिहिलेली ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी या तरुण गायकाने गायिली. १९३०च्या दशकाच्या आरंभी तिची ध्वनिमुद्रिका निघाली आणि मराठी भावगीताच्या इतिहासात तिला आरंभीचे मानाचे स्थान मिळाले. विदर्भातल्या एका कवीचे शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले.

विशेष असे, की जोशींनीही कायद्याचेच शिक्षण घेतलेले होते. शब्द देणारा वकील आणि स्वर देणाराही कायद्याचा पदवीधर! दोघांपुढेही तोच प्रश्न उभा होता, जो आजच्या तरुणापुढे आहे: चरितार्थाचे काम एक आणि जीव ज्यात रमतो ते काम दुसरे. दोघांनी त्याची उत्तरे वेगवेगळी दिली.

ना. घ. देशपांडे मेहकरलाच राहिले. एवढी प्रसिद्धी मिळाल्यावर मुंबई-पुणे गाठावे, शब्दांवरच जगावे, असे त्यांनी केले नाही. त्यांनी वकिली सोडली नाही आणि कविताही सोडली नाही. त्यांचा ‘शीळ’ हा पहिला संग्रह प्रसिद्ध झाला तो १९५४ साली, म्हणजे त्या ध्वनिमुद्रिकेनंतर दोन दशकांनी. पुढे १९८६ साली ‘खूणगाठी’ या संग्रहासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांचे वय पंचाहत्तरीच्या पुढे गेलेले होते. तालुक्याच्या गावी राहून, रूक्ष समजला जाणारा व्यवसाय करून एका माणसाने आयुष्यभर आपल्या आतला झरा जिवंत ठेवला. त्यांच्या हातून कविता थोडी झाली, पण जी झाली ती टिकली.

जी. एन. जोशींनी दुसरी वाट धरली. वकिलीचा मार्ग बाजूला ठेवून ते एच.एम.व्ही. या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीत गेले. येथे थोडे थांबण्यासारखे आहे. जोशींनी कार्यालय सोडले नाही. त्यांनी कार्यालय बदलले. ध्वनिमुद्रिका कंपनीतही वेळापत्रक असते, वरिष्ठ असतात, हिशेब असतात, पत्रव्यवहार असतो. पण त्या टेबलाच्या पलीकडे गाणे होते. मोठमोठ्या कलावंतांना ध्वनिमुद्रणासाठी राजी करणे, त्यांचे मन सांभाळणे, तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत त्यांच्या कलेचे सार उतरवून घेणे, हे त्यांचे काम झाले. १९६७ साली शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांच्या वादनाची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. पुढे ती जगभर गाजली. तिचे निर्माते हेच जी. एन. जोशी.

या दोन वाटांपैकी श्रेष्ठ कोणती? असा प्रश्न विचारणेच चुकीचे आहे. दोघांनीही आपल्या आवडीला चरितार्थाच्या आड येऊ दिले नाही आणि चरितार्थाला आवडीचा गळा घोटू दिला नाही. एकाने कामाच्या बाहेर जागा शोधली, दुसऱ्याने कामाच्या आत. आज ज्याला आपले टेबल नकोसे झाले आहे, त्याने स्वतःला पहिला प्रश्न विचारावा, तो हा: नकोसे काय झाले आहे? टेबल, की टेबलावरचे काम? कंटाळा कार्यालयाचा असेल तर दुसऱ्या कार्यालयात तो पाठोपाठ येईल. कंटाळा त्या विशिष्ट कामाचा असेल, तर काम बदलल्याने माणूस खुलेल. हा भेद न करता राजीनामा देणारे अनेक जण वर्षभरात तशाच दुसऱ्या खुर्चीवर बसलेले दिसतात.

अपमान पुरेसा नाही

असंतोषाचे आणखी एक मूळ असते, ते म्हणजे अपमान. बढती दुसऱ्यालाच मिळते, कष्ट एकाचे आणि श्रेय दुसऱ्याचे होते, आणि माणूस चिडून म्हणतो, ‘‘बस्स झाले!’’ लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या बाबतीत हेच घडले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यांत्रिक आरेखन शिकवीत. त्यांच्या हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. परकी सत्ता होती; गुणापेक्षा कातडीचा रंग पाहिला जात होता. स्वाभिमानी लक्ष्मणरावांनी नोकरीवर पाणी सोडले आणि ते बेळगावला गेले.

एवढीच गोष्ट सांगितली तर ती अर्धी राहते. राजीनामा देण्याच्या कितीतरी आधीपासून लक्ष्मणराव परदेशी यांत्रिक नियतकालिके वाचून, यंत्रे हाताळून स्वतःला घडवीत होते. मुंबईत नोकरी करीत असतानाच बेळगावात बंधू रामुअण्णा यांच्यासह सायकलींच्या विक्रीचा व्यवसाय त्यांनी सुरू केला होता. अपमानाने दार उघडले, पण दारापलीकडची पायवाट आधीच तयार होती. संतापाच्या भरात उडी मारणारे पुष्कळ असतात. संतापाच्या आधी तयारी केलेले थोडे असतात.

आणि पुढे तरी सारे सोपे होते काय? त्यांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा शेतकऱ्यांनी तो घेतला नाही. लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी समजूत होती. पहिले नांगर खपायलाच सुमारे दोन वर्षे गेली. बेळगावातली कारखान्याची जागा नगरपालिकेच्या योजनेसाठी सोडावी लागली. अखेर औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या ओसाड माळावर, निवडुंगाच्या आणि सापांच्या जागेत, १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. नोकरीतला अपमान एका दिवसाचा होता. त्यावर दिलेले उत्तर उभे राहायला दशकाहून अधिक काळ गेला. ज्याला राजीनाम्याचा दिवस डोळ्यांपुढे दिसतो, त्याने त्यापुढची दहा वर्षेही डोळ्यांपुढे आणावीत.

घराने चुकवलेली किंमत

आता ज्यांचे नाव घेतल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही, ते दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके हे भारतीय पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरीला होते. सरकारी नोकरी, कलेशी जवळचे काम. कोणीही समाधान मानावे अशी स्थिती. वंगभंगानंतर स्वदेशीचे वारे वाहू लागले आणि १९०६ च्या सुमारास फाळक्यांनी ती नोकरी सोडली. मुद्रणाचा व्यवसाय उभारला, त्यात नाव मिळवले. पण भागीदारांशी बिनसले आणि तोही सोडावा लागला. वय चाळिशीला टेकलेले, हाताशी काही नाही. अशा अवस्थेत १९१०-११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपल्या राम-कृष्णांची चरित्रे पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला.

पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले, तंत्र शिकून यंत्रसामग्री घेऊन आले आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. मात्र ही कथा सांगताना एक नाव फार वेळा मागे राहते. ते आहे सरस्वतीबाई फाळके यांचे.

चित्रपटाच्या नादात सतत डोळे ताणल्यामुळे फाळक्यांची दृष्टी काही काळ जवळजवळ गेली होती. विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या. सरस्वतीबाईंनी आपले दागिने पुढे केले. चित्रीकरणाच्या काळात सगळ्या चमूचा स्वयंपाक त्या करीत. कच्च्या फिल्मच्या कडेला भोके पाडण्याचे किचकट काम त्या अंधारात करीत. मुलगा भालचंद्र हा पडद्यावर रोहिदास झाला. तारामतीची भूमिका करायला कोणी स्त्री तयार होईना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके ती भूमिका करायला उभे राहिले. भारतीय चित्रपटाचा पाया एका माणसाच्या ध्यासाने घातला हे खरे. पण त्या पायात एका गृहिणीचे मंगळसूत्रापलीकडचे सगळे सोने गेले, हेही तितकेच खरे.

येथे प्रश्न असा उभा राहतो: हे सरस्वतीबाईंवर लादले गेले, की त्यांनी ते स्वीकारले? जे दिसते त्यावरून उत्तर स्पष्ट आहे. त्या कामात त्या स्वतः उतरल्या होत्या. ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रित करण्याआधी फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या अंकुराची वाढ रोज थोडी थोडी चित्रित करून दाखवली होती. म्हणजे घरातल्यांनी आणि पैसे देणाऱ्यांनी केवळ शब्दांवर विश्वास ठेवायचा नव्हता. डोळ्यांनी पाहता येईल असा पुरावा त्यांच्यापुढे होता. कोणताही तरुण घरापुढे बेत मांडतो, तेव्हा त्याच्या हातात असा एखादा अंकुर असला पाहिजे. संध्याकाळच्या वेळात केलेले काम, मिळालेला पहिला ग्राहक, शिकवलेला पहिला विद्यार्थी, असे काहीतरी. ‘‘मला काहीतरी वेगळे करायचे आहे’’ हे वाक्य म्हणजे अंकुर नव्हे. ते फार तर बी आहे, आणि तेही अजून पेरलेले नाही.

फाळक्यांचा शेवटही विसरून चालणार नाही. पैसा आला आणि गेला. कंपनीतले वाद झाले. बोलपटाच्या युगात ते मागे पडले. १९४४ साली नाशकात त्यांचे निधन झाले तेव्हा वैभव उरलेले नव्हते. त्यांच्या नावाने चित्रसृष्टीतला सर्वोच्च पुरस्कार १९६९ साली सुरू झाला, त्याला पंचवीस वर्षे लागली. आवडीची वाट सुखाच्या गावाला जाते, असे कोणी सांगत असेल, तर त्याला हा इतिहास ठाऊक नाही. त्या वाटेवर सार्थकता मिळू शकते. सुख मिळेलच, असा शब्द कोणी कोणाला देऊ नये.

‘कोणाचे काय अडणार?’

सुरुवातीला त्या तरुणाने मित्रापाशी विचारलेला प्रश्न आठवावा: आपण हे काम केले नाही, तर कोणाचे काय अडणार आहे? हा प्रश्न पगाराचा नाही, आवडीचाही नाही. तो उपयुक्ततेचा आहे. आपण कोणाच्या तरी उपयोगी पडावे, ही माणसाची फार खोल भूक आहे. या भुकेचे उत्तर शोधणाऱ्या एका वैदर्भीयाची कथा सांगितली पाहिजे.

अमरावती जिल्ह्यातील पथ्रोट हे दामोदर गणेश बापट यांचे गाव. जन्म १९३५ चा. नागपूरला पदवी घेतल्यावर त्यांनी चार घरच्या मुलांप्रमाणे नोकरी धरली. एक धरली, दुसरी पाहिली. मन कोठेच रमले नाही. आजच्या भाषेत ‘करिअर जमले नाही’ असे शेजारीपाजारी म्हणाले असते. या अस्वस्थतेतून ते जशपूरला गेले. तेथे वनवासी कल्याण आश्रमाचे काम चालू होते. ते काम १९५२ साली सुरू करणारे बाळासाहेब देशपांडे हेही मूळचे अमरावतीचे, आणि तेही शासकीय सेवेतून बाहेर पडलेले! बापट तेथे वनवासी मुलांना शिकवू लागले. त्या भागात हिंडताना त्यांनी कुष्ठरुग्णांचे जिणे पाहिले. रोगापेक्षा समाजाने दिलेला वनवास अधिक भयंकर होता.

चांपा येथे सदाशिव गोविंद कात्रे यांनी १९६२ साली भारतीय कुष्ठनिवारक संघ स्थापन केला होता. कात्रे गुरुजी हे रेल्वेतले कर्मचारी. त्यांना स्वतःला कुष्ठरोग झाला होता. स्वतःच्या दुःखातून त्यांनी इतरांसाठी घर उभे केले. १९७० च्या दशकात बापट या कामात आले आणि ते कायमचेच. रुग्णांच्या जखमा धुणे, त्यांच्या हाताला काम देणे, त्यांच्या मुलांसाठी शाळा चालवणे, शेती आणि लहान उद्योग यांतून त्यांना स्वतःच्या पायांवर उभे करणे, यात त्यांची चार दशकांहून अधिक वर्षे गेली. रुग्णांच्या हातचे अन्न ते घेत, त्यांच्यातच राहत. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. ज्या तरुणाला कोणत्याही कार्यालयात आपली गरज भासली नव्हती, त्याच्यावाचून शेकडो माणसांचे अडू लागले होते.

प्रत्येकाने चांप्याला जावे, असा याचा अर्थ नाही. संसाराची जबाबदारी असलेल्या माणसाने ती टाकून सेवेला निघणे हे सेवेलाही शोभणारे नाही. अर्थ एवढाच, की मन रमत नाही ही नेहमी चंचलतेची खूण नसते. कधी कधी ती योग्य जागा अजून सापडलेली नसल्याची खूण असते. गीतेने स्वधर्माचा जो विचार सांगितला, त्याचा प्रापंचिक माणसाला कळेल असा अर्थ हाच: दुसऱ्याचे कितीही चकचकीत काम उसने घेऊन समाधान मिळत नाही, आपल्या प्रकृतीला आणि आपल्या परिस्थितीला जुळणारे काम ओळखावे लागते. ओळखायला वेळ लागतो. तो वेळ देणे हे आळशीपणाचे लक्षण नाही.

आणि नोकरी करता करताही हा प्रश्न सुटू शकतो, हे विसरू नये. तहसील कार्यालयातल्या लिपिकाच्या टेबलापलीकडे उतारा मागायला आलेला म्हातारा शेतकरी उभा असतो. बँकेतल्या खिडकीपलीकडे पहिल्यांदा खाते उघडणारी बचत गटातली बाई उभी असते. ‘कोणाचे काय अडते’ याचे उत्तर कधी कधी मान वर करून पाहिले की समोरच दिसते. ते जेथे दिसत नाही, कितीही पाहिले तरी दिसत नाही, तेथे मात्र दुसरी जागा शोधण्याचा हक्क माणसाला आहे. तो त्याचा हट्ट म्हणून हिणवला जाऊ नये.

घराच्या ओसरीवर

मग करायचे काय? चार गोष्टी सांगून हा विषय संपवता येईल.

पहिली गोष्ट, असंतोषाचे निदान. कंटाळा कामाचा आहे, माणसांचा आहे, अपमानाचा आहे की निरुपयोगीपणाचा, हे कागदावर लिहून काढावे. प्रत्येकाचे औषध वेगळे आहे. साहेब बदलला की जो रोग बरा होतो, त्यासाठी व्यवसाय बदलू नये.

दुसरी, तयारी. नोकरी चालू असताना रोजचा एक तास आणि आठवड्याची एक सुटी नव्या कामाला द्यावी. वर्षभर असे करता आले नाही, तर ती आवड नव्हती. ते केवळ पळून जाण्याचे निमित्त होते, असे खुशाल समजावे. करता आले, तर हातात अंकुर आला.

तिसरी, हिशेब. घराला किती महिने पगाराशिवाय चालवता येईल, कोणते कर्ज आधी फिटले पाहिजे, कोणाचे शिक्षण मध्ये आहे, हे आकड्यांत मांडावे. पत्नी असेल तर तिच्यासमोर मांडावे, आई-वडिलांसमोर मांडावे. त्यांच्या दागिन्यांवर आणि त्यांच्या शेतावर न विचारता स्वप्न उभे करू नये. सरस्वतीबाईंनी दिले ते स्वखुशीने दिले, म्हणून ते पवित्र झाले.

चौथी गोष्ट पालकांसाठी आहे. मुलगा वा मुलगी ‘बरी’ एवढेच म्हणाली, तर तेथे संवाद थांबवू नका. दुसरा प्रश्न विचारा: ‘‘काम आवडते का?’’ हा प्रश्न अनेक घरांत आजवर एकदाही विचारला गेलेला नाही. उत्तर ‘नाही’ असे आले तर घाबरू नका, लगेच उपदेशही करू नका. ऐकून घ्या. मुले बहुधा नोकरी सोडण्याची परवानगी मागत नसतात. आपले कोणीतरी ऐकावे, एवढेच मागत असतात. ज्या घरात ऐकले जाते, त्या घरातली मुले अविचाराने उडी मारत नाहीत.

सुलतानपूरहून एक रस्ता लोणारला जातो, एक मेहकरला, एक जिजाऊंच्या सिंदखेड राजाकडे. फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला कोणती वाट बरोबर, हे त्या वाटांकडे पाहून कळत नाही. जायचे कोठे आहे, हे आधी ठरावे लागते. मेहकरच्या त्या वकिलाला ते ठाऊक होते, म्हणून तो जागचा हलला नाही. पथ्रोटच्या त्या तरुणाला ते ठाऊक नव्हते, म्हणून तो चालत राहिला. सापडल्यावर मात्र थांबला. दोघांचेही आयुष्य सार्थ झाले.

पुढच्या दिवाळीला याच थांब्यावर एस.टी. थांबेल. तरुण उतरेल, चहा होईल, बाबा विचारतील. त्या वेळी ‘बरी’ या शब्दानंतर ओसरीवर थोडी शांतता पसरली, तर ती तशीच जाऊ देऊ नका. त्या शांततेत मुलाने तोंड उघडावे आणि बाबांनी कान द्यावा. नोकरी राहील की जाईल, हा निर्णय त्यानंतर घेता येईल. घराने तो एकत्र बसून घेतला, तर कोणताही निर्णय पेलण्याचे बळ त्या घराला नक्की मिळेल.